अख्खा कान

सकाळचा चहा येईपर्यंत मामा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक कान काढायचा. बातम्या नंतर. आधी तो खिशातली पेन्सिल काढून तिचं टोक अंगठ्यावर टेकवून बघायचा, पेपर गुडघ्यावर दुमडायचा आणि घरात जे कोणी पाठमोरं किंवा एका बाजूने दिसेल त्याचा कान उतरवून घ्यायचा. बहुतेकदा मामीचा, कारण ती ओट्याशी उभी असायची. कधी दूधवाल्याचा. सुट्टीत आम्ही गेलो की माझा. चेहरा नाही, मान नाही, केसांची बटही नाही. नुसता कान, कुणीतरी कागदावर विसरून गेल्यासारखा. तो काढून झाला की मामा पेपर उलगडून वाचायला घ्यायचा. पुढे ते सगळे कान रद्दीत जायचे.

"पेंटर, भिंतींना कान असतात असं ऐकलं होतं," रद्दीवाला एकदा म्हणाला, "तुमच्याकडे पेपरलाही आहेत."

मामी हसली. मामा हसला नाही, रागावलाही नाही. त्याने गठ्ठ्याची दोरी घट्ट ओढून दिली.

लहान असताना मी हट्ट धरला होता, की कान नको, माझा चेहरा काढ. ज्याने उभ्या आयुष्यात चेहऱ्यांशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याला भाचीचा एक चेहरा जड का व्हावा? तो म्हणाला, "चेहरा काय, कसाही करता येतो. मघाशी हसत होतीस, आता रुसलीस. कानाला सोंग घेता येत नाही."

तो सिनेमाचे बॅनर रंगवायचा. मोठमोठाले, थिएटरच्या दर्शनी भिंतीवर लागायचे ते. सगळे त्याला पेंटर म्हणत, आई दादा म्हणायची. कानांची सवय त्याला जन्मापासून नव्हती. ती कुठून आली ते आईने मला मी मोठी झाल्यावर सांगितलं, आणि उरलेलं मामीने, भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता.

थिएटरच्या मागे पत्र्याची एक लांब शेड होती. आत अळशीच्या तेलाचा आणि घामाचा वास. भिंतीला तिरपं कापड ताणलेलं, समोर दोन लाकडी घोड्यांवर टाकलेली फळी, आणि त्या फळीवर उभे राहून चार-पाच माणसं एकेका राक्षसी चेहऱ्यावर काम करायची. एकाच्या वाट्याला कपाळ, दुसऱ्याच्या वाट्याला हनुवटी. जवळून बघितलं तर नुसते गुलाबी, पिवळे, निळे फटकारे. रस्त्याच्या पलीकडे जाऊन मागे वळलं की माणूस. बाकीचे पेंटर सिनेमावाल्यांनी पाठवलेल्या फोटोवर चौकोन आखायचे, तेच चौकोन कापडावर मोठे करायचे, आणि फोटो जसाच्या तसा वर चढवायचे. मामा तसं करत नसे. सिनेमा बघितल्याशिवाय तो फोटोला हातच लावायचा नाही.

"नटाचा चेहरा म्हणजे भाड्याचं घर," तो म्हणायचा. "आज चोर राहतो, उद्या मास्तर राहील. मला घर नाही काढायचं. भाडेकरू काढायचाय."

सिनेमाही तो खुर्चीत बसून बघत नसे. त्याचा धाकटा भाऊ त्याच थिएटरात ऑपरेटर होता. वरच्या अरुंद खोलीत दोन मशीनं, भट्टीसारखा उकाडा, आणि पडद्याकडे उघडणारी हातभर खिडकी. मामा त्या खिडकीशी उभा राहायचा. मशीनच्या घरघरीत पडद्यावरचा आवाज ऐकूच यायचा नाही, आणि त्याला तेच हवं असायचं. शब्द नसले की चेहरा उघडा पडतो, असं तो म्हणे. धाकट्याला प्रत्येक सिनेमा पाठ असायचा. तो रीळ गुंडाळता गुंडाळता सांगायचा, "दादा, आता बघ, हा बोलणार नाही, ती बोलेल. तू ह्याच्याकडे बघ." आणि मामा बघायचा. बोलतो तो नट असतो, ऐकतो तेव्हा पात्र दिसतं, हे दोघांनी मिळून त्या खिडकीशी शोधून काढलं होतं. बॅनरवर मामा कुणाला ओरडताना काढत नसे. त्याची माणसं कुणाचंतरी ऐकत असायची.

एकदा पात्र सापडलं, की मामा नटाच्या चेहऱ्यातून त्याला न लागणारं सगळं काढून टाकायचा. डोळ्यांखालच्या पिशव्या, तीळ, वाकडा दात, खलनायकाची चुकून मायाळू दिसणारी जिवणी. एका विनोदी नटाने पहिल्यांदाच रडका बाप केला होता, तेव्हा मामाने त्याचे प्रसिद्ध गोबरे गाल सपाट करून टाकले. शेडच्या मालकाने येऊन डोक्याला हात लावला.

"पेंटर, हा त्याचा दूरचा मामेभाऊ वाटतो! माणसं ओळखणार कशी?"

"सिनेमा बघून बाहेर आली की ओळखतील."

आणि खरंच, माणसं डोळे पुसत बाहेर आली, भिंतीकडे वर बघून थांबली, आणि मालक गप्प बसला. मामाचा मोठेपणा हा एवढाच होता. पण त्या मोठेपणाचा त्याला गर्व होता. गर्व कसला, माजच होता, असं आई म्हणते.

त्या माजापायी घरात फोटो नव्हते. फोटोवाल्याचं नाव काढलं की तो म्हणायचा, ज्यांच्या घरी पेंटर नाही त्यांनी जावं फोटो काढायला. बरं, स्वतः तरी कुणाला काढावं? तेही नाही. मामी म्हणायची, "अहो, मला एकदा तरी काढा की."

"कुठली भूमिका करतेस ते सांग."

"स्वयंपाकिणीची. धोबिणीची. आणि तुमच्या आईची."

"तीन भूमिका! एवढं कापड नाही शेडमध्ये."

धाकट्याचंही एक चित्र त्याच्याकडून येणं होतं. ते फार जुनं. दोघं लहान असताना मोकळ्या मैदानावर पडदा लावून सिनेमा दाखवला जायचा, आणि मैदानाला काटेरी तारेचं कुंपण होतं. मामाने तार वर उचलून धरली, धाकटा खालून सरपटला, आणि मामाच्या हातातून तार सुटली. धाकट्याच्या उजव्या कानाचा वरचा तुकडा तारेलाच राहिला. पोरगं भोकाड पसरणार, आणि राखणदार येणार. मामाने त्याच्या तोंडावर हात दाबला आणि सुचेल ते बोलला.

"गप, गप. मी मोठा झालो ना, की तुझं चित्र काढीन. त्यात कान अख्खा काढीन."

"नक्की?"

"नक्की."

मग कानाला शर्टाचं टोक दाबून दोघांनी सिनेमा पूर्ण बघितला. पुढे मोठेपणी, मामाचा संसार झाल्यावरही, धाकटा काही मनाविरुद्ध झालं की म्हणायचा, "माझा कान कधी देतोस?" आणि मामा म्हणायचा, "देतो रे. पळून चाललाय का कान?"

थिएटर बंद पडलं तेव्हा धाकट्याचं वय हातपाय गळावेत असं नव्हतं. पण त्याला दुसरं काही येत नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं; मामाच्याच घरी, बाहेरच्या खोलीत त्याची खाट होती. मागची शेड चालू राहिली, मामाला तिथे दुसऱ्या थिएटरांची कामं मिळत राहिली, धाकटा घरात बसून राहिला. पहिल्यांदा नुसता बसायचा. मग त्याला मशीन ऐकू यायला लागलं. जेवता जेवता तो ताटावरून उठायचा, "रीळ संपलं" म्हणायचा आणि भिंतीकडे जाऊन उभा राहायचा. मामी त्याला दंडाला धरून परत आणायची. मध्ये एक ताप आला, तो उतरला, पण डाव्या पापणीवरचा त्याचा ताबा घेऊन गेला. ती अर्धवट मिटलेलीच राहिली. गाल आत गेले. ज्याला बोलता बोलता हसायची सवय होती, त्याच्या तोंडाची एक बाजू हसणं विसरली. मामा त्याच्याकडे फारसं बघत नसे. कामावरून आला की पाठ करून हातपाय धुवायचा आणि विचारायचा, "जेवला का तो?"

एका दुपारी मामी कपडे वाळत घालत होती तेव्हा तो तिच्या चपला पायात घालून बाहेर पडला, आणि परत आला नाही.

संध्याकाळपर्यंत गल्ली शोधली, दुसऱ्या दिवशी बंद थिएटर, मैदान, रेल्वेचे रूळ, सगळं शोधलं. आई आपल्या घरून धावत आली. पोलीस ठाण्यातल्या माणसाने फोटो मागितला.

"फोटो नाही," आई म्हणाली. "माझ्या लग्नात एक काढला होता, त्यात तो कुणाच्यातरी खांद्यामागे हललाय."

"म्हणजे एकही नाही? कमाल आहे. मग शोधायचं कुणाला?"

"मी काढून देतो," मामा म्हणाला. "फोटोपेक्षा बरा."

त्या माणसाने त्याच्या नखांतल्या रंगाकडे बघितलं. "काढा. पण लवकर काढा. असा माणूस बाहेर फार दिवस टिकत नाही."

मामा शेडमध्ये गेला. फळीवर नाही, जमिनीवर बसला, मांडीवर पुठ्ठा घेऊन. बाकीच्यांनी आपलं काम हळू आवाजात चालवलं. त्याचा एक दोस्त होता, बॅनरवरची अक्षरं लिहिणारा. सगळे त्याला अक्षरवाला म्हणत. एरवी त्याची जीभ ब्रशपेक्षा जास्त चालायची, पण त्या दिवशी तो नुसता ब्रश धूत बसला. आई आणि मामी दाराशी उभ्या होत्या. आई सांगते, तिने दादाला काम करताना एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघितलं. त्याने एकदाही खोडलं नाही.

चित्र फार सुंदर झालं. हनुवटी किंचित वर, नजर थोडी बाजूला, जणू आत्ताच कुणीतरी हाक मारलीय आणि तो ऐकतोय. दोन्ही डोळे टक्क उघडे. गाल भरलेले. ओठांवर हसण्याची सुरुवात. केस मागे फिरवलेले, आणि उजवा कान पूर्ण, वरची कड नितळ गोल.

मामीने वाकून बघितलं. "अहो, पापणी?"

"ती तापानं झाली. तो तसा नाहीये."

"आणि कान?"

मामाने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "कान मी त्याला कबूल केलाय."

मामी तशीच उभी राहिली, तेव्हा त्याने वर न बघता पुढचं वाक्य टाकलं. "आणि एवढं बारीक रस्त्यावरून कोण बघतंय?"

मामीला तेव्हा बोलायचं होतं. ती मला म्हणाली, "माझ्या तोंडाशी आलं होतं, की बघणारा जवळून बघेल, तुमच्या बॅनरसारखा रस्त्यापलीकडून नाही. पण चित्रातलं मला काय कळतं? आणि इतका छान दिसत होता गं तो."

अक्षरवाल्याने खाली लिहायला घेतलं. वय, उंची, कपडे, खुणा असं सगळं आईने सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "ताई, शब्द वाढले की चित्र लहान होतं. चित्र बोलतंय ना, मग आपण कशाला बोलायचं?" त्याने वर ठळक लिहिलं, 'हरवले आहेत', आणि खाली बारीक अक्षरात पत्ता. हात सरावलेला, वरच्या अक्षरांना त्याने सावली दिली, जशी तो सिनेमाच्या नावाला द्यायचा. सिनेमाच्या जाहिराती छापणाऱ्या छापखान्यातच कागद छापून घेतले, त्याच पिवळट कागदावर, त्याच शाईत. मित्रांनी मित्रासाठी जे करता येईल ते सगळं केलं. कुणाचं काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही.

मामाने खळीची बादली आणि ब्रश घेऊन स्वतः कागद लावले. बस स्टँडवर, बाजारात, रेल्वेच्या पुलाखाली, मग पुढच्या गावांत. एका स्टँडवर चहावाला खळ वाळेपर्यंत बघत उभा होता.

"भारी आहे. कुठल्या थिएटरला लागतोय?"

"सिनेमा नाही हा. भाऊ आहे माझा."

"अरेरे," चहावाला म्हणाला, आणि पुन्हा बघून म्हणाला, "पण दिसतो हिरोसारखा हं."

ही गोष्ट मामाने त्या दिवशी घरी येऊन सांगितली. दुःखात होता, तरी सांगताना त्याच्या आवाजात कुठेतरी मालक गप्प बसला होता तेव्हाचा जुना सूर होता. नंतर त्याला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास झाला. चहावाल्याने त्याला सरळ सांगितलं होतं, आणि त्याने ते कौतुक म्हणून खिशात घातलं.

आठवडे गेले. कुठूनही निरोप आला नाही. मामा कामाच्या मध्येमध्ये सुट्टी काढून फिरायचा, फाटलेले कागद बदलायचा, नवे लावायचा. असाच तो एका दुसऱ्या शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात पुन्हा पोचला. तिथल्या लांब व्हरांड्यात, पुरुषांच्या वॉर्डाच्या दारासमोर, त्याने सुरुवातीलाच एक कागद लावला होता. त्याची एक कड सुटली होती. मामाने बादली खाली ठेवली आणि कडेला खळ लावायला लागला. वॉर्डातली आया बाहेर आली, हातात चादरींचा ढीग.

"अहो, भिंत खराब करू नका. कधीचा येऊन चिकटलाय हा, पिक्चर काही येत नाही."

"पिक्चर नाही, बाई. माझा भाऊ आहे. हरवलाय."

आया जवळ आली. तिने पहिल्यांदाच खालची बारीक अक्षरं वाचली, ओठ हलवत. "मग असा हिरोसारखा काय छापलाय? आम्हाला वाटलं, वर मोठं लिहिलंय ते सिनेमाचंच नाव आहे." मग ती थांबली. तिने बादलीकडे बघितलं, ब्रशकडे, त्याच्या नखांकडे.

"हे तुम्ही काढलंय?"

"हो."

"तुम्हाला घरात दादा म्हणतात का?"

मामा मान हलवू शकला की नाही, आईला माहीत नाही. आयाने चादरी बाकावर ठेवल्या आणि स्वतःही बसली.

तिच्या वॉर्डात एक माणूस होता. रस्त्यावर पडलेला सापडला, पोलिसांनी आणून टाकला. नाव विचारलं की म्हणायचा, दादाला विचारा. जरा बरं वाटलं की भिंतीला धरून धरून बाहेर यायचा आणि या कागदासमोर उभा राहायचा. रोज. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हे माझ्या दादाचं काम आहे."

"आम्ही हसायचो हो," आया म्हणाली. "इथे एक जण म्हणतो मी राजा आहे, एक म्हणतो माझी विमानं आहेत. त्यातलाच एक, असं वाटलं. मी त्याला चिडवायची, 'दादानं काढलंय होय? मग हिरो कोण, तू?' तर नीट बघायचा. पार नाक लावून बघायचा. आणि म्हणायचा, 'छे. ह्याचा कान अख्खा आहे.'"

व्हरांड्यातून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. मामाने विचारलं, "कुठल्या खाटेवर आहे?"

तो गेल्या आठवड्यात गेला होता. छातीत पाणी झालं होतं. बेवारस म्हणून जे करतात ते करून झालं होतं. त्याच्या वस्तू म्हणून आयाने कपाटातून एक पिशवी आणून दिली. तिच्यात बाईच्या चपला होत्या, एकीचा अंगठा शिवलेला. तो मामीने स्वतः शिवला होता.

निघण्याआधी मामाने तो कागद भिंतीवरून काढायचा प्रयत्न केला. पण खळ त्याची स्वतःची होती, कामात कधी हात आखडता न घेणाऱ्या माणसाची. कागद सुटेना. नखांनी खरवडला तेव्हा चिंध्या निघाल्या, आणि भिंतीचा रंगही. आया म्हणाली, "राहू दे, दादा. मी पाणी मारून काढीन नंतर."

घरी आल्यावर त्याने पिशवी मामीच्या हातात दिली आणि आईला बोलावणं पाठवलं. आई आली. सगळं एकदाच सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मी त्याला इतका बरा काढला, की त्याला स्वतःलाच ओळखता आलं नाही." यानंतर हा विषय त्याने कधीच काढला नाही. कानांचं दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं.

शेडमध्ये तो परत गेला, कारण जायलाच हवं होतं. पण हात बदलला होता. पुढच्या बॅनरवर त्याने हिरोच्या डोळ्यांखालच्या पिशव्या काढल्या, गळ्याच्या वळ्या काढल्या, आणि आधी कान काढून मग त्याला चेहरा जोडत गेला.

"पेंटर, हा हिरो आहे का हिरोचा बाप?" मालक खालून ओरडला.

"असाच आहे तो. नीट बघा."

"मला नीट नाही बघायचंय! कुणालाच नाही बघायचंय! नीट बघायला घरी बायका आहेत!"

अक्षरवाला हसला, सगळे हसले. मामाने ब्रश पुसला. त्याच दुपारी दुसऱ्याने तो चेहरा पुसून पुन्हा रंगवला. मग मामाला चेहरे मिळेनासे झाले. आगीच्या ज्वाळा, घोडे, उलटलेल्या मोटारी, मागचं आभाळ, असं काम मिळायचं. ते तो मुकाट करायचा. "घोड्याचे कान बरे काढतोस," अक्षरवाला म्हणायचा, आणि म्हटल्यावर जीभ चावायचा. पुढे मशीनवर छापलेले चकचकीत बॅनर आले आणि शेडच बंद झाली. अक्षरवाला मुलाकडे राहायला गेला. मामा घरी बसला, त्याच बाहेरच्या खोलीत, धाकट्याच्या खाटेवर.

अधूनमधून माणसं यायची. कुणाचे वडील गेलेले, कुणाची मुलगी. जुना अंधुक फोटो असायचा किंवा नसायचाही. पेंटर, मोठं चित्र काढून द्या. मामा त्यांना पाणी द्यायला सांगायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "चेहऱ्यात बिघडलेलं काय होतं?"

माणसं गोंधळायची. काही चिडायची. एक गृहस्थ तर उभेच राहिले. "माझ्या आईच्या चेहऱ्यात काय बिघडलं असणार? काय बोलताय!" मामी मध्ये पडली, म्हणाली, यांचं मनावर घेऊ नका, वय झालंय. ते गेले ते गेलेच.

एक बाई मात्र गेली नाही. मी त्या दिवशी तिथेच होते. तिचा नवरा वारला होता, मुलांना भिंतीवर लावायला चित्र हवं होतं. प्रश्न ऐकून ती चिडली नाही. तिने पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली.

"वरचा ओठ," ती म्हणाली. "एका बाजूनं जरा वर जायचा. हात उचलायच्या आधी."

मामाने मान हलवली आणि पेन्सिल घेतली. मध्येमध्ये तो विचारायचा, एवढा? ती म्हणायची, नाही, अजून थोडा. चित्र पुरं झालं तेव्हा ती जरा मागे सरकली. खरोखर, खुर्चीसकट. मग म्हणाली, "असाच होता मेला." तिने ते गुंडाळून घेतलं, चेहरा आतल्या बाजूला करून. ते तिने भिंतीवर लावलं का, आम्हाला कधी कळलं नाही.

मामी कधीतरी, चांगल्या वेळी, हळूच म्हणायची, "अहो, त्याचा काढा ना एकदा. होता तसा." मामा ऐकायचा. त्याच्या बॅनरवरची माणसं ऐकायची तसा, नजर बाजूला ठेवून. पण काढला नाही. इतक्या वर्षांत पेपरच्या कडांवर शेकडो कान येऊन गेले, लांब पाळीचे, चिकटलेले, केसाळ, पोरांचे पारदर्शक. फाटका एकही नव्हता. आईला वाटायचं, दादा हात तयार करतोय. मला तसं वाटत नाही. पण आईला मी ते बोललेले नाही.

शेवटच्या आजारपणात त्याचे हात थरथरायला लागले, आणि सकाळचे पेपर कोरे राहिले. मामी तरीही पेपर त्याच्या गुडघ्यावर दुमडून ठेवायची, पेन्सिल बाजूला. चहा झाला की दोन्ही उचलायची. त्याची दाढी वाढली, केस मानेवर आले. अंथरुणातून उठवणं कठीण होतं, म्हणून तिने न्हाव्यालाच घरी बोलावलं. आम्ही दोघींनी मामाला उशांना टेकवून बसवलं. न्हावी गप्पिष्ट होता. गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगत त्याने दाढी केली, मागचे केस कापले, चादरीवरचे झटकले. मग त्याने मामासमोर आरसा धरला. मामाने स्वतःकडे बघितलं, उजवा कान जरासा आरशाकडे वळवून.

"बास, पेंटर? का अजून काही?"

दुपारी तो झोपला आणि त्यानंतर शुद्धीवर आला नाही, म्हणून त्याचं बोलणं आमच्यासाठी तिथेच संपतं.

"कानावरचे केस जरा कमी कर," तो न्हाव्याला म्हणाला. "गरम होतं."